साका

मुख्यालयाचं पत्र आलंय:
मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे,
सांगली कार्यालयानं प्रदूषण नियंत्रणातले
ठळक टप्पे कळवावेत. दोनशे शब्द.
छायाचित्र असल्यास उत्तम.

कुलगुडे साहेबांनी कागद माझ्याकडं सरकवला.
"अठ्ठावीस वर्षं इथंच आहात मॅडम, तुम्हीच लिहा."
म्हणजे जिला महिनाअखेर नारळ मिळणार, तिनं.

लिहिते.
पहिली जीप. दार सुतळीनं बांधलेलं.
नेमिनाथ चौगुले चालवायचा, आणि नाला जवळ आला की
नाकाला रुमाल न लावता सांगायचा,
आज मळी सोडलीय, आज नुसतं गावाचं सांडपाणी.
प्रयोगशाळेचा अहवाल आठवड्यानं यायचा
आणि नेमिनाथशी जुळायचा.

पुढं संगणक. पुढं कारखान्यांच्या तोंडाशी
दर पंधरा मिनिटांनी आकडा वर धाडणारी यंत्रं.
त्यातल्या एकाची नळी मला
पिण्याच्या पाण्याच्या बादलीत बुडवलेली सापडली.
चार महिने नदी पडद्यावर निर्मळ वाहत होती.
(टप्पा ठळक आहे. छायाचित्र नाही.)

कारणे दाखवा नोटिसा: एकशे बारा.
कारणं सगळ्यांनी दाखवली.

आयर्विन पुलाच्या खांबावर फुटांच्या खुणा आहेत,
पावसाळ्यात सगळं गाव त्या वाचायला येतं.
पाणी किती आलं ते खांब सांगतो.
कसलं आलं, ते विचारायला
उन्हाळ्यात कुणी येत नाही. आम्ही सोडून.

आणि ती मार्चमधली सकाळ.
वाम, मरळ, शेंगाळा, बोटाएवढी पिल्लं,
पोटं वर करून काठाला लागलेली.
माणसं पोती घेऊन उतरली होती.
मी ओरडत होते, खाऊ नका, खाऊ नका,
आणि मल्लू भोई कमरेएवढ्या पाण्यात
एकेक मासा उचलून परत ठेवत होता,
झोपलेल्या पोराची कूस बदलावी तसा.
मला म्हणाला, "बाई, तुमच्या बाटलीत काय दिसतंय
त्ये मला बी दावा."

दाखवलं.
काचेची बाटली, बुडबुडा न राहता काठोकाठ.
दोन औषधं, दोन-दोन मिली. बूच. उलटसुलट हलवायची.
पाण्यात श्वास असेल तर काकवीच्या रंगाचा साका बसतो,
नसेल तर पांढरा.

बसला तो चुनकळीसारखा पांढरा.

मल्लू बघत राहिला.
"म्हंजी ह्ये नुस्तं वल्लं हाय," म्हणाला,
"पानी न्हाई."

एवढी नेमकी व्याख्या कुठल्या अधिनियमात मला सापडली नाही.

बंदचा आदेश मी त्याच रात्री टाइप केला.
तेराव्या दिवशी तो उठला.
तेरावा होता, हे मल्लूनंच लक्षात आणून दिलं.

त्यानंतरही बंधारे झाले, मोठे पंप बसले,
नाल्याचं पाणी वळवलं, पुन्हा कुठंतरी फुटलं.
तारखा आहेत माझ्याकडं, सगळ्या लिहिल्यात,
फक्त त्या एका ओळीत उभ्या राहत नाहीत.

परवा शेवटचा नमुना घ्यायला गेले. म्हणजे घेतला
नव्या तैसीन मुल्लानं, मी नुसती बूच धरून उभी.
मल्लूला आता मोतीबिंदू आहे. पायरीवर बसून
त्यानं आकडा विचारला नाही. "रंग?"
तैसीननं बाटली उन्हात धरली.
"फिका. चहाच्या चोथ्याचा."
"तांबूस हाय न्हवं? मग हाय जित्ती," म्हणाला,
आणि जाळ्याची गाठ बोटांनीच शोधायला लागला.

तेवढ्यात तैसीननं मोबाइलवर फोटो काढला:
बाटली, मागं पूल, कोपऱ्यात मल्लूचा अर्धा अंगठा.
तोच जोडते आहे.
शब्द दोनशेच्या वर गेलेत. साहेब कापतील.
अंगठा कापू नये, असं पेन्सिलीनं लिहिलंय.